अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलच्या ग्रेट टीम्स: कुठल्या काळातली भारी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए (अमेरिकेतली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग) बघणारे मराठी लोक हल्ली खूप वाढलेत, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाकडे राहणाऱ्यांची पोरं तर तिथल्या शाळांच्या टीममध्ये खेळतायत. त्यामुळे लेब्रॉन जेम्सची शाळा भारी का ऑस्कर रॉबर्टसनची, आजच्या कूपर फ्लॅगच्या शाळेच्या टीमला जुनं कोणी हरवलं असतं का, असे प्रश्न सतत येत असतात. परत परत आलेले सगळे इथे एकत्र घेतलेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हायस्कूल टीम म्हणजे नेमकी कुठल्या वयाची पोरं? आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखं का?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं. म्हणजे साधारण १४ ते १८ वयाची पोरं. शाळेच्या मेन टीमला व्हर्सिटी म्हणतात आणि तिच्यात जास्त करून अकरावी-बारावीची मुलं असतात, नववीतला पोरगा व्हर्सिटीत आला की गावभर चर्चा होते. मॅच ३२ मिनिटांची, ८-८ मिनिटांचे ४ क्वार्टर. एनबीएची ४८ मिनिटांची असते, त्यामुळे हायस्कूलच्या टीमने १०० पॉइंट केले असं ऐकलं की ते ३२ मिनिटांत केलेत हे लक्षात ठेवा.

२. तिकडे हायस्कूलची नॅशनल चॅम्पियनशिप असते का? मग 'नॅशनल चॅम्पियन' कोण ठरवतं?

अधिकृत अशी नसते. प्रत्येक राज्याची आपली स्टेट चॅम्पियनशिप असते आणि सरकारी शाळांचा सीझन तिथेच संपतो. १९१७ ते १९३० मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत देशभरातल्या शाळांची टूर्नामेंट व्हायची, ती बंद पडली. मग १९८२-८३ पासून यूएसए टुडे पेपरने टॉप २५ चं रँकिंग सुरू केलं आणि सीझनच्या शेवटी जी टीम एक नंबरला ती नॅशनल चॅम्पियन असं लोक म्हणायला लागले. २००९ पासून एक खाजगी नॅशनल टूर्नामेंट चालू आहे, स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं, आधी गायको होता आता चिपोटले आहे, पण तिच्यात बहुतेक अकॅडमीच (देशभरातून खेळाडू गोळा करणाऱ्या शाळा) असतात कारण बऱ्याच राज्यांचे नियम आपल्या शाळांना तिकडे जाऊ देत नाहीत. म्हणून १९८३ च्या आधीच्या टीमला 'नॅशनल चॅम्पियन' म्हटलेलं दिसलं तर ते कोणाचं तरी मत आहे असं समजा.

३. ज्या टीम्स एकमेकींशी कधी खेळल्याच नाहीत, त्यांची तुलना करायची तरी कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे १९५८-५९ पासून सलग १५ वर्षं रणजी जिंकणारी मुंबईची टीम आणि आत्ताची मुंबईची टीम यांच्यात कोण भारी यावर किती वाद होतात बघा, आणि त्यात कोणीतरी म्हणतंच की तेव्हा हेल्मेट नव्हतं, तेव्हा पिचेस उघडी असायची. इथेही तसंच आहे. टाइम मशीनमध्ये बसवून दोन टीम्स एकाच कोर्टवर उतरवल्या तर जवळपास प्रत्येक वेळी नवीनच टीम जिंकेल (कारणं प्रश्न १४ मध्ये), मग तुलनेला अर्थच उरत नाही, २०२४ ची टीम भारी म्हणायचं आणि घरी जायचं.

म्हणून मी तीन गोष्टी बघतो. पहिली, ती टीम आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती वर होती, नुसती जिंकली का समोरच्याला चिरडून जिंकली, आणि समोर कोण होतं. दुसरी, ती टीम जमली कशी, म्हणजे आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली पोरं होती का देशभरातून वेचून आणलेली. तिसरी, तेव्हाच्या नियमांत आणि तेव्हाच्या परिस्थितीत त्यांना काय काय पार करावं लागलं. माझ्या लेखी दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण शाळेची टीम म्हणायचं तर त्या शाळेचा, त्या वस्तीचा तिच्यात काहीतरी अंश पाहिजे. हे सगळ्यांना पटत नाही, पण पुढची सगळी उत्तरं याच हिशोबाने दिलीत.

४. नियम एवढे काय बदललेत? बास्केटबॉल तर तोच आहे ना?

बरेच बदललेत, आणि स्कोअर बघून तुलना करणारे इथेच फसतात.

१९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर परत मध्यभागी जंप व्हायची, म्हणजे पंच बॉल वर टाकणार आणि दोन्हीकडचा एकेक जण उडी मारून तो घ्यायला बघणार. म्हणजे तुमच्याकडे उंच सेंटर असेल तर बास्केट करा, जंप जिंका, परत बॉल तुमचाच. समोरच्याला बॉल मिळायचीच मारामार.

डंकवर (उडी मारून बॉल वरून थेट बास्केटमध्ये कोंबणं) १९६७ पासून १९७६ पर्यंत कॉलेज आणि हायस्कूल दोन्हीकडे बंदी होती. थ्री पॉइंटर (लांबच्या लाइनबाहेरून टाकलेला तीन पॉइंटचा शॉट) हायस्कूलला देशभर १९८७-८८ मध्ये आला, लाइन १९ फूट ९ इंचांवर. एनबीएने तो १९७९ मध्येच घेतला होता. म्हणजे ८७ च्या आधीच्या पोराने २२ फुटांवरून टाकला तरी दोनच पॉइंट.

आणि शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट टाकायलाच लावणारं घड्याळ. एनबीएत तो १९५४ पासून आहे, पण हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमात राज्यांना ३५ सेकंदांचा क्लॉक लावायची मुभा मिळाली थेट २०२२-२३ मध्ये. काही राज्यं त्याआधीपासून आपल्या आपण लावत होती, काही अजूनही लावत नाहीत. क्लॉक नसला तर कमजोर टीम बॉल धरून बसू शकते आणि बलाढ्य टीमचा जीव टांगणीला लागतो. ते प्रत्यक्षात कसं दिसतं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. सलग सगळ्यात जास्त मॅच जिंकणारी टीम कोणती? तीच बेस्ट ना मग?

मुलांमध्ये न्यू जर्सीचं पसेइक हायस्कूल. १९१९ ते १९२५ सलग १५९ मॅच जिंकल्या, कोच होते अर्नेस्ट ब्लड, लोक त्यांना वंडर टीम म्हणायचे. फेब्रुवारी १९२५ मध्ये हॅकेनसॅकने त्यांना हरवलं तेव्हा ब्लड ती शाळा सोडून गेलेले होते.

पण बेस्ट म्हणणार नाही. सहा वर्षांत टीममधली पोरं दोन-तीनदा बदलली, त्यामुळे हा एका टीमचा नाही तर एका कोचच्या पद्धतीचा रेकॉर्ड आहे. वर प्रत्येक बास्केटनंतरची जंप (प्रश्न ४). स्ट्रीक आणि सिंगल सीझन टीम या दोन वेगळ्या याद्या ठेवा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

६. क्रिस्पस अटक्सचं नाव प्रत्येक यादीत का असतं? फक्त ऑस्कर रॉबर्टसनमुळे?

ऑस्कर होताच, पण नाही, फक्त त्याच्यामुळे नाही.

इंडियानापोलिसमध्ये १९२७ साली काळ्या मुलांसाठी वेगळी शाळा काढली, म्हणजे त्यांना बाकीच्या शाळांतून वेगळं काढलं असंच म्हणायचं, ती ही क्रिस्पस अटक्स. १९४० च्या दशकापर्यंत त्यांना राज्याच्या टूर्नामेंटमध्ये खेळायलाच मिळत नव्हतं. शाळेला मोठ्या मॅच घेता येतील असं जिम नव्हतं, त्यामुळे 'होम' मॅच असा प्रकारच जवळपास नाही, सगळीकडे पाहुणे. कोच रे क्रो पोरांना बजावून सांगायचे की पंच काहीही देवोत, तोंड उघडायचं नाही, आणि सुरुवातीलाच एवढं लीड घ्यायचं की शेवटी पंचांच्या हातात काही राहू नये.

१९५५ मध्ये त्यांनी इंडियानाची स्टेट चॅम्पियनशिप जिंकली, फायनलला गॅरी रूझवेल्टला ९७-७४ ने हरवून. सगळ्यांसाठी खुल्या स्टेट टूर्नामेंटमध्ये काळ्या मुलांच्या शाळेने विजेतेपद मिळवण्याची देशातली ही पहिली वेळ. पुढच्या वर्षी १९५६ ला ३१-० (३१ जिंकल्या, एकही हरले नाहीत), इंडियानाच्या इतिहासातला पहिला अनडिफिटेड चॅम्पियन, फायनलमध्ये एकट्या ऑस्करचे ३९. आणि तेव्हा इंडियानात लहान-मोठ्या शाळांचे वेगळे गट नव्हते, ७०० च्या वर शाळांची एकच टूर्नामेंट, एक मॅच हरलात की संपलं. गट पाडले ते १९९७-९८ पासून.

जिंकल्यानंतरचं पण सांगायलाच हवं. रिवाज असा की चॅम्पियन टीमला फायर ट्रकवर बसवून शहराच्या मध्यावर मॉन्युमेंट सर्कलला आणायचं आणि तिथेच लोकांनी जल्लोष करायचा. १९५५ ला अटक्सचा ट्रक सर्कलला एक फेरी मारून तसाच पुढे नेला आणि काळ्या वस्तीतल्या नॉर्थवेस्टर्न पार्कमध्ये थांबवला, जे काय नाचायचंय ते तिकडे नाचा. १६ वर्षांचा ऑस्कर तिथून लवकर निघून गेला. ही गोष्ट तो आयुष्यभर विसरला नाही, नंतर कितीतरी वेळा बोललाय. २०१५ मध्ये, म्हणजे तब्बल ६० वर्षांनी, शहराने त्या टीमला इंडी ५०० या कार रेसच्या परेडमध्ये मानाने पुढे बसवलं.

७. पण मायलनने १९५४ मध्ये अटक्सला हरवलं होतं ना? मग मायलन जास्त ग्रेट का नाही?

हरवलं होतं, ६५-५२, शेवटच्या चार टीम्स ठरवणाऱ्या राउंडमध्ये. पण तेव्हा ऑस्कर दहावीत होता, ती टीम अजून तयार व्हायची होती.

मायलन म्हणजे १६१ मुलांची शाळा, छोटंसं गाव, आणि फायनलला समोर मन्सी सेंट्रल, कितीतरी पट मोठी शाळा. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलन २६-२८ ने मागे, आणि बॉबी प्लंप बॉल हातात धरून उभा राहिला. मागे असताना! ड्रिबल नाही, पास नाही, चार मिनिटांच्या वर तो तसाच उभा, समोरचा डिफेंडर त्याच्याकडे बघतोय, बटलर फील्डहाउसमधले हजारो लोक श्वास रोखून बसलेत. शॉट क्लॉक नसला की काय होतं ते हे. मग ३०-३० झालं आणि शेवटच्या सेकंदांत त्याच प्लंपने जंप शॉट टाकला, ३२-३०.

यापेक्षा भारी मॅच सापडणं अवघड आहे. पण सगळ्यात भारी गोष्ट आणि सगळ्यात भारी टीम या दोन वेगळ्या गोष्टी. पुढच्या दोन वर्षांत अटक्सने जे केलं ते मायलनच्या आवाक्यातलं नव्हतं.

८. करीम अब्दुल-जब्बारची शाळा टीम सगळ्यात स्ट्राँग होती म्हणतात, मग ती हरली कशी?

तेव्हा त्याचं नाव लू अलसिंडर, शाळा न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल, उंची ७ फूट, आणि टीमने सलग ७१ मॅच जिंकलेल्या. १९६४ ला त्यांनी मेरिलँडच्या डिमॅथाला ६५-६२ ने हरवलं होतं. ३० जानेवारी १९६५ ला परत तीच जोडी, कोल फील्ड हाउस, १२,००० च्या वर पब्लिक, हायस्कूलच्या मॅचला.

डिमॅथाचे कोच मॉर्गन वूटन यांनी प्रॅक्टिसमध्ये काय केलं, तर आपल्याच एका उंच पोराच्या हातात टेनिस रॅकेट दिली आणि त्याला हात वर करून बास्केटखाली उभं केलं. शॉट टाकायचा तो त्या रॅकेटच्या वरून. कित्येक दिवस तेच. त्यामुळे पोरांच्या शॉटची कमान आपोआप उंच झाली आणि खरा अलसिंडर समोर आला तेव्हा त्याच्या हाताची भीती राहिली नव्हती. डिफेन्समध्ये पण त्याला पुढून-मागून घेरून ठेवला, १६ पॉइंटवर रोखला. डिमॅथा ४६-४३.

म्हणून पॉवर मेमोरियलला पहिल्या तिघांत घेताना मी अडखळतो. ती टीम बरीचशी एका माणसाभोवती होती आणि तो अडवता येतो हे एकदा दिसलं. तो मुलगा आणि अटक्सचा ऑस्कर पुढे मिलवॉकीला एकत्र आले आणि १९७१ ची एनबीए चॅम्पियनशिप जिंकली, हे मला अजूनही फार आवडतं.

९. थॉर्नरिज हे नाव कधीच ऐकलं नाही, ते यादीत कसं?

शिकागोजवळचं डॉल्टन, १९७१-७२, ३३-०. सगळ्यात अटीतटीची मॅच त्यांनी किती फरकाने जिंकली माहितीये? १४ पॉइंटने! अख्ख्या सीझनमध्ये कोणी त्याहून जवळ पोचलंच नाही. फायनलला क्विन्सी, १०४-६९. तेव्हा थ्री पॉइंटर नाही, डंकवर बंदी (प्रश्न ४), ३२ मिनिटांत १०४. फुल कोर्ट प्रेस करायचे, समोरच्याला हाफ लाइन ओलांडू द्यायचे नाहीत, गार्ड (बॉल पुढे नेणारा) क्विन बकनर. याच बकनरने पुढे १९७६ ला इंडियाना युनिव्हर्सिटीकडून अनडिफिटेड कॉलेज टायटल घेतलं, त्याच वर्षी ऑलिंपिक गोल्ड, आणि १९८४ ला बोस्टनकडून एनबीए.

प्रश्न ३ मधली पहिली कसोटी, म्हणजे आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती वर, फक्त तेवढीच लावली तर थॉर्नरिज एक नंबर. तरी हे नाव मागे पडतं कारण त्या टीममधून बकनर सोडून एनबीएत कोणाचं मोठं नाव झालं नाही. यावर प्रश्न ११ बघा.

१०. डनबारबद्दल एवढं का बोलतात लोक?

बाल्टिमोरच्या पूर्व भागातलं डनबार हायस्कूल, कोच बॉब वेड. १९८१-८२ आणि १९८२-८३ असे दोन सीझन एकही मॅच हरले नाहीत, आणि ८३ ला यूएसए टुडेच्या पहिल्यावहिल्या रँकिंगमध्ये एक नंबर. पोरं कोण? डेव्हिड विंगेट (फक्त पहिल्या सीझनला), रेजी विल्यम्स, ५ फूट ३ इंचांचा मग्सी बोग्स, आणि रेजी लुईस. हा लुईस पुढे बोस्टन सेल्टिक्सचा कॅप्टन झाला आणि डनबारमध्ये तो बेंचवरून यायचा! बोस्टन सेल्टिक्सचा होणारा कॅप्टन ज्या शाळेत स्टार्टर नव्हता, ती टीम काय असेल बघा.

वेड हातात विटा देऊन ड्रिल करून घ्यायचे. दोन्ही हातात एक-एक वीट, हात वर, आणि डिफेन्सचे पाय चालू, खाली आणायचे नाहीत. नंतर विटा ठेवून बॉल हातात घेतला की हात पिसासारखे हलके.

न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची टीम तेव्हा देशात गाजत होती, त्यांना डनबारने ८२ मध्ये कॅम्डेनच्याच जिममध्ये जाऊन धुतलं, आणि मग्सीची उंची बघून आधी हसणारे लोक नंतर त्याने बॉल चोरला की टाळ्या वाजवायला लागले. १९८७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) विल्यम्स चौथा, बोग्स बारावा, लुईस बाविसावा, एकाच हायस्कूल टीममधले तीन जण एकाच वर्षी पहिल्या राउंडमध्ये. विंगेट आदल्या वर्षी गेलेला. आणि हे सगळे बाल्टिमोरचेच, एकाच शहरातल्या गरीब वस्त्यांमधले, बाहेरून विमानाने आणलेला एकही नाही. लुईस १९९३ मध्ये प्रॅक्टिस करताना कोसळून गेला, २७ व्या वर्षी. त्या टीमचं नाव निघालं की त्याच्याशिवाय बोलणं पुरं होत नाही.

११. टीममधून एनबीएत किती गेले ते मोजलं की झालं, एवढा विचार कशाला?

कारण ते आकडे पुढचं सांगतात, तेव्हाचं नाही. पोरगा १७ व्या वर्षी काय होता आणि २५ व्या वर्षी काय झाला यात फार फरक असतो. डिमॅथाच्या सगळ्यांचं करिअर एकत्र केलं तरी एकट्या अलसिंडरच्या जवळ जात नाही, मॅच मात्र डिमॅथाने जिंकली. थॉर्नरिजचंही तेच. शिवाय १९५० च्या दशकाच्या मध्यावर एनबीएत ८-९ टीम्स होत्या आणि काळ्या खेळाडूंना जागा मोजक्याच, आज ३० टीम्स आणि दोन राउंडचा ड्राफ्ट. तेव्हाच्या टीमला एनबीएच्या आकड्यांनी मोजणं हा तिच्यावर अन्याय आहे. आधार म्हणून बघा, निकाल म्हणून नको.

१२. न्यू जर्सीत राहतो, सेंट अँथनीबद्दल सगळे जुने लोक बोलतात, ती शाळा आता दिसत नाही?

२०१७ मध्ये बंद झाली, पैशाअभावी. जर्सी सिटीतली छोटी कॅथलिक शाळा, स्वतःचं जिम नाही, टीम बरीच वर्षं व्हाइट ईगल हॉल नावाच्या बिंगो खेळायच्या जुन्या हॉलमध्ये प्रॅक्टिस करायची. कोच बॉब हर्ली, २८ स्टेट टायटल्स. हायस्कूलचं कोचिंग करून बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेलेले लोक अगदी मोजके आहेत, त्यातले ते एक. १९८८-८९ ची टीम ३२-०, नॅशनल नंबर वन, पोरगा बॉबी हर्ली गार्ड, सोबत टेरी डिहीअर आणि जेरी वॉकर. धाकटा पोरगा डॅनसुद्धा याच शाळेत शिकला, त्याने कोच म्हणून यूकॉनला (कनेटिकट युनिव्हर्सिटी) २०२३ आणि २०२४ ची कॉलेज चॅम्पियनशिप जिंकून दिली.

डनबार आणि सेंट अँथनी यांच्यात मी डनबारला वर ठेवतो, पण डिफेन्स कसा शिकवायचा हे बघायचं असेल तर ८९ च्या सेंट अँथनीची जुनी रेकॉर्डिंग शोधा.

१३. लेब्रॉनची टीम आणि त्या मोठ्या अकॅडमी एकाच यादीत कशा बसतात?

सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी, अ‍ॅक्रन, ओहायो. लेब्रॉन, सियान कॉटन, विली मॅगी आणि कोचचा मुलगा ड्रू जॉइस हे लहानपणापासून एकत्र खेळलेले, रोमियो ट्रॅव्हिस नंतर आला. सगळे आसपासचे. २००२-०३ मध्ये नॅशनल नंबर वन. त्याच्या आदल्या वर्षी मात्र ओहायोच्या फायनलमध्ये रॉजर बेकनकडून ७१-६६ हरले होते, आणि ट्रेंटन शहरात ओक हिल या शाळेकडून ७२-६६. त्या मॅचमध्ये लेब्रॉनचे ३६ आणि समोर कार्मेलो अँथनीचे ३४. पुढच्या डिसेंबरला परत ओक हिल समोर आलं, मॅच टीव्हीवर देशभर, अ‍ॅक्रनच्या पोरांनी ६५-४५ काढली.

ओक हिल म्हणजे व्हर्जिनियातल्या माउथ ऑफ विल्सन नावाच्या खेड्यातली निवासी शाळा, कोच स्टीव्ह स्मिथ. पोरं देशभरातून यायची. २००३-०४ ला ३८-०, जोश स्मिथ आणि रेजॉन राँडो. फ्लोरिडातल्या मॉन्टव्हर्ड अकॅडमीने हेच आणखी मोठ्या प्रमाणात केलं, कोच केव्हिन बॉइल. २०१९-२० ला केड कनिंगहॅम, स्कॉटी बार्न्स, मोझेस मूडी. २०२३-२४ ला ३३-०, कूपर फ्लॅग, डेरिक क्वीन, एसा न्यूवेल, लियम मॅकनीली, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये हे चौघेही पहिल्या राउंडला, फ्लॅग एक नंबर.

आता फ्लॅगचंच घ्या. तो मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा. नववीत गावच्या नोकोमिस शाळेकडून खेळला आणि २०२२ ला स्टेट टायटल जिंकला. मग भावाबरोबर फ्लोरिडाला गेला. त्याचा निर्णय बरोबरच होता, कोणीही तेच केलं असतं. पण प्रश्न टीमचा आहे, आणि अख्ख्या देशातून निवडलेल्या पोरांची टीम आणि एका शहरातली टीम मी एका ओळीत उभी करत नाही. दोन याद्या करा, अकॅडमी वेगळ्या, शाळा वेगळ्या. सेंट अँथनी, डिमॅथा अशा कॅथलिक शाळा मधल्या वाटतात कारण त्याही मुलं घेतात, पण ती रोज घरून येणारी मुलं असतात, म्हणून मी त्यांना शाळांच्या बाजूला धरतो.

१४. सरळ सांगा, २०२४ ची मॉन्टव्हर्ड १९५६ च्या अटक्सला किंवा १९८३ च्या डनबारला हरवेल का?

उचलून तशीच्या तशी आणली तर हरवेल. आजची पोरं आठवी-नववीपासून वर्षभर खेळतात, शाळेचा सीझन संपला की क्लब सीझन, वेगळा शूटिंग कोच, वेगळा वेट ट्रेनिंगवाला, जेवणाचा तक्ता. ६ फूट ९ इंचांचा मुलगा आज बॉल घेऊन वर येतो आणि थ्री टाकतो, १९५६ मध्ये त्या उंचीच्या पोराला बास्केटखालून हलू द्यायचे नाहीत. अटक्सच्या पोरांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते.

डनबारबद्दल मात्र मी एवढ्या सहज हो म्हणणार नाही. विल्यम्स मोठा, लांब हातांचा विंग (कडेने खेळणारा), आजच्या खेळात सहज बसला असता, आणि मग्सीसमोर बॉल वर आणणं एनबीएतल्या गार्डांनासुद्धा १४ सीझन जड गेलं. १९८३ च्या नियमांनी, थ्री पॉइंटरशिवाय खेळवलं तर माझा पैसा डनबारवर.

१५. आजच्या काळात साधी, घराजवळची शाळा एवढी मोठी टीम बनवू शकते का?

अवघड आहे, पण झालंय. कॅलिफोर्नियातली चिनो हिल्स, सरकारी शाळा, २०१५-१६ ला ३५-० आणि स्टेटचं ओपन डिव्हिजन (सगळ्यात वरच्या गटाचं) टायटल. लोंझो, लिअँजेलो आणि लामेलो (आडनावच बॉल) हे तीन भाऊ एकाच टीममध्ये, वर नववीतला ओन्येका ओकाँग्वू. बॉल मिळाला की पळायचं, हाफ कोर्टवरून पण शॉट टाकायचे. लोंझो २०१७ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा गेला, २०२० ला लामेलो तिसरा आणि ओकाँग्वू सहावा. एका घरात तीन असे भाऊ जन्माला येणं हे काही कुठल्या शाळेला ठरवून जमणार नाही, पण टीम अस्सल गावची.

१६. मग तुमच्या मते टॉप कोण?

शाळांमध्ये डनबार १९८२-८३, मग अटक्स १९५६, मग थॉर्नरिज १९७२. अकॅडमींमध्ये मॉन्टव्हर्ड २०२४. अटक्स आणि डनबार यांची जागा मी अदलाबदल करायला तयार आहे, अटक्सने जे सोसून जिंकलं ते डनबारला सोसावं लागलं नाही. पण नुसत्या कोर्टवरच्या खेळाचं बोलायचं तर डनबारच्या बेंचला उत्तर नाही.

१७. मुलींच्या टीम्स या यादीत का नाहीत?

कारण त्यांची यादी वेगळीच करावी लागते आणि ती जास्त किचकट आहे. आयोवामध्ये मुली १९९३ पर्यंत सहा-सहाच्या टीमने खेळायच्या, तीन जणी फक्त अटॅक, तीन फक्त डिफेन्स, हाफ लाइन ओलांडायची नाही. तिथे डेनिस लाँगने ६,२५० आणि नंतर लिन लोरेन्झनने ६,७३६ पॉइंट केले करिअरमध्ये, ते आकडे पाच जणींच्या खेळाशी लावताच येत नाहीत. लुइझियानाच्या बास्किन हायस्कूलने १९४७ ते १९५३ सलग २१८ मॅच जिंकल्या, पसेइकपेक्षा ५९ जास्त, आणि तरी हे नाव कोणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. पाच जणींच्या काळात शेरिल मिलरची रिव्हरसाइड पॉली बघा, चार वर्षांत १३२ जिंकल्या, ४ हरल्या.

१८. २०२० मध्ये कोविडमुळे फायनल झालीच नाही, मग मॉन्टव्हर्डचा तो सीझन धरायचा का?

धरायचा, पण पुढे एक खूण करून. २५-० होते, समोर चांगल्या चांगल्या टीम्स होत्या, पण शेवटची नॅशनल टूर्नामेंट रद्द झाली. बरेच जाणकार तीच आजवरची बेस्ट टीम म्हणतात. मी २०२४ ला वर ठेवतो ते एवढ्याचसाठी की त्यांना शेवटची मॅच खेळावी लागली आणि त्यांनी ती पॉल सिक्स्थ या शाळेविरुद्ध ७९-६३ ने जिंकली.

१९. लेब्रॉनच्या टीमच्या २००३ च्या रेकॉर्डमध्ये एक हार दिसते, ती कुठली?

कोर्टवर हरलेली नाही. लेब्रॉनने एका दुकानातून दोन जुन्या स्टाइलच्या जर्सी फुकट घेतल्या, किंमत ८४५ डॉलर, आणि राज्याच्या असोसिएशनने त्याला अपात्र ठरवलं. न्यायालयात गेल्यावर त्याला परत खेळता आलं, पण आधीच जिंकलेली एक मॅच हार म्हणून लागली. तुलना करताना मी ती हार धरत नाही. कागदावरचं रेकॉर्ड लिहिताना मात्र २५-१ असंच लिहा.

२०. या मोठ्या टीम्समधून कोणी भारतीय खेळलाय का?

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा. १४ व्या वर्षी फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत गेला, इंग्लिश येत नव्हतं, ७ फूट २ इंच उंची. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ वा घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्टेड खेळाडू. एनबीएच्या रेग्युलर सीझनची मॅच त्याला मिळाली नाही. आयएमजी अकॅडमींच्या यादीत येते (प्रश्न १३), त्यामुळे तुमचं पोरगं तिकडे घराजवळच्या सरकारी शाळेत खेळत असेल तर त्याची वाट यापेक्षा वेगळी आहे, त्याच्यासाठी चिनो हिल्सचं उदाहरण जास्त जवळचं.